नवा फॅन बेल्टही किंचाळतो: पुली बदलायची की अख्खा अल्टरनेटर?

प्रश्न | थंडस्टार्ट

नमस्कार मंडळी,

माझी गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली आहे. इंजिनाच्या तोंडाशी फॅन बेल्ट म्हणून एकच व्ही बेल्ट: खाली क्रँक पुली, वर वॉटर पंप, बाजूला बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. सकाळी थंड इंजिन चालू केलं की बेल्ट जोरात किंचाळतो, थोड्या वेळाने गप्प होतो. हेडलाइट आणि ब्लोअर एकदम लावले की परत तेच. ताण वाढवला की काही दिवस बरे जातात, मग पुन्हा सुरू.

बेल्ट नवा टाकून झाला. माप जुन्या बेल्टवर छापलेलं होतं तेच. तरीही थोड्याच दिवसांत त्याच्या दोन्ही बाजू गुळगुळीत, चकचकीत झाल्या आणि बॉनेटखाली अल्टरनेटरच्या आसपास काळी भुकटी जमायला लागली.

मीटर लावून पाहिलं. इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट, चालू असताना काही न लावता १४.१. सगळे दिवे आणि ब्लोअर लावून आयडलिंगला ठेवली की १२.९ पर्यंत उतरतं आणि डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा अंधुक लुकलुकतो. थोडा रेस दिला की सगळं ठीक.

टॉर्च मारून अल्टरनेटरच्या पुलीत पाहिलं. खाचेचा तळ लख्ख चमकतोय. बाजूच्या भिंती सरळ वाटत नाहीत, मध्ये पोट खपाटीला गेल्यासारख्या दिसतात. गॅरेजमध्ये सल्ला मिळाला की अख्खा अल्टरनेटर बदला. पण तो चार्ज तर करतोय, आणि चालणारी वस्तू फेकायला मन होत नाही. नुसती पुली बदलता येते का? माझ्याकडे पाने, बॉक्स पाने आणि एक व्हाईस आहे. आणि बेल्टचा ताण नक्की किती ठेवायचा? ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो.

---

उत्तर | रोटर_स्टेटर

तळ चमकतोय एवढं लिहिलंत, तिथेच निम्मं निदान झालं. पुली बदला, अल्टरनेटर ठेवा. माझं सगळं काम स्टार्टर आणि अल्टरनेटरचंच आहे आणि निव्वळ झिजलेल्या पुलीपायी धडधाकट अल्टरनेटर भंगारात गेलेले मी पाहत आलोय. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्ही बेल्ट खाचेच्या तळाला कधीच टेकायचा नसतो. तो दोन भिंतींमध्ये पाचर होऊन बसतो आणि सगळी पकड त्या भिंतींवरून येते. बेल्टचा कोन साधारण ४० अंशांचा असतो, खाचेचा ३४ ते ३८. पुलीभोवती वळताना बेल्टचं आतलं रबर दाबलं जाऊन बाजूंना फुगतं, म्हणून खाच मुद्दाम थोडी अरुंद ठेवतात. या पाचरीमुळे सपाट पट्ट्याच्या जवळजवळ तिप्पट पकड मिळते. भिंती झिजल्या की बेल्ट खाली खाली उतरतो आणि एक दिवस तळाला टेकतो. टेकला की पाचर संपली. मग तुम्ही कितीही ताणा, तो जोर तळावर दाबण्यात जातो, भिंतींवर नाही. वर त्या जादा ताणाने अल्टरनेटरचं पुढचं बेअरिंग आणि वॉटर पंपाचं बेअरिंग दोन्ही मरतात. नवा बेल्ट टाकला तरी तो त्याच झिजलेल्या खाचेत बसणार, घसरणार, घसरून तापणार, आणि तापला की बाजूंना चकाकी येऊन आणखी घसरणार. तुमची काळी भुकटी तीच.

तीन पुल्यांपैकी हीच आधी का जाते? सगळ्यात लहान तीच. तिच्यावर बेल्टचा वेढा कमी, ती क्रँकच्या दुप्पट-अडीचपट वेगाने फिरते, आणि भार मात्र मोठा. हिशेब करून बघा: अल्टरनेटर ६० अँपिअर देत असेल तर १४ व्होल्टला ८४० वॉट झाले. हे जुने अल्टरनेटर घेतलेल्या ताकदीपैकी निम्म्याहून थोडी जास्तच विजेत बदलतात, म्हणजे बेल्टला दीड किलोवॉटच्या आसपास, दोन हॉर्सपॉवर, त्या छोट्या पुलीवरून ओढून न्यावे लागतात. सकाळी स्टार्टरने बॅटरी नुकतीच उपसलेली असते, तेव्हा अल्टरनेटर पूर्ण जोर लावतो. म्हणून किंचाळी थंड इंजिनावर आणि हेडलाइट लावल्यावर. बॅटरी जरा भरली की मागणी उतरते आणि आवाज थांबतो. तुमचं १४.१ व्होल्ट सांगतंय की अल्टरनेटरच्या आतले डायोड आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बहुतेक बरे आहेत. रेस दिल्यावर दिवा विझतोय, तेही चांगलं लक्षण.

खोलण्याआधी दोन गोष्टी तपासा. इंजिन बंद करून नव्या बेल्टची वरची कड पुलीच्या काठाशी कुठे येते ते पाहा. ती काठाच्या बरोबरीने किंवा किंचित वर हवी. आत बुडालेली असेल तर पुली गेली. दुसरं, खाचेच्या भिंतीला पातळ पोलादी पट्टीची सरळ कड लावा आणि मागून टॉर्च धरा. मधून उजेड दिसला तर तेवढी भिंत खाल्लेली. पाऊण-एक मिलिमीटर फट म्हणजे पुलीचा निरोप घ्यायची वेळ. क्रँकची आणि वॉटर पंपाची पुलीही अशीच तपासा, कारण तिघींमधून बेल्ट एकच जातो. क्रँक पुलीत रबराचं कडं असेल तर ते फुगलंय का, बाहेरचं रिंग पुढे-मागे सरकलंय का, तेही बघून घ्या. आणि कुठून तेल किंवा कूलंट बेल्टवर उडत असेल तर आधी ती गळती बंद करा. तेलाने फुगलेला बेल्ट कुठल्याच पुलीवर टिकत नाही.

आता काम.

सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. हे सोडू नका. अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरवर किल्ली बंद असली तरी बॅटरीची वीज उभी असते. पाना तिथे लागून इंजिनाला टेकला तर पाना तापून लाल होतो, वायर जळते, हात भाजतो.

जमलं तर पुलीचा नट बेल्ट काढायच्या आधीच, अल्टरनेटर गाडीवर असतानाच थोडा मोकळा करून बघा. पण तुमची पुली घसरते आहे, त्यामुळे बहुतेक ती पान्याबरोबर फिरेल. मग ओढाताण करू नका. खालचा मोठा बोल्ट आणि वरच्या ताणपट्टीचा बोल्ट सैल करा, अल्टरनेटर इंजिनाकडे ढकला, बेल्ट उतरवा, वायरी कुठे होत्या त्याचा फोटो काढून अल्टरनेटर बाहेर घ्या.

नट सोडवताना शाफ्ट धरायचा कसा, इथे लोक अल्टरनेटर मारतात. हवेच्या जाळीतून स्क्रू ड्रायव्हर खुपसून रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, अडवू नका, गुंडाळीला जखम होते. पुली थेट व्हाईसमध्ये आवळू नका, काठ वाकतो. आधी शाफ्टच्या टोकाला पाहा, पुष्कळांना अ‍ॅलन की बसेल असं भोक असतं. की अडकवायची आणि रिंग पान्याने नट सोडवायचा. भोक नसेल तर जुना बेल्ट पुलीच्या खाचेत गुंडाळा, त्याचे दोन्ही पदर एकत्र धरून पुलीच्या अगदी जवळ व्हाईसमध्ये आवळा. बेल्ट पुलीला घट्ट धरतो, धातूला ओरखडा येत नाही. जुना बेल्ट म्हणूनच फेकायचा नाही. हवेची इम्पॅक्ट गन कोणाकडे असेल तर काम क्षणाचं आहे. आटे बहुतेक नेहमीचे, उजवे असतात. तरी आधी नीट बघून मगच जोर लावा.

नट निघाला की पुढे काय काय निघतं ते त्याच क्रमाने कापडावर मांडा: वायसर, पुली, पंखा, त्यामागचा स्पेसर, पुलीला शाफ्टवर घसरू न देणारी अर्धगोल चावी. ती चावी बारीक असते, पुली निघताना उडून हरवते. पंख्याची पाती कुठल्या बाजूला कललेली आहेत ते लक्षात ठेवा, उलटा बसला तर थंडावा कमी पडतो. स्पेसर विसरला तर पंखा बॉडीला घासतो.

पुली हातात आली की शाफ्ट बोटांनी फिरवा. खरखर लागली, किंवा शाफ्ट वर-खाली हलवून ढिला वाटला, तर पुढचं बेअरिंग आत्ताच बदला. या अल्टरनेटरांत बऱ्याचदा ६२०३ किंवा ६३०३ असतं, पण अंदाजाने आणू नका, बेअरिंगवर कोरलेला नंबर वाचा. एवढं खोललंय तर ब्रशही बघून घ्या.

नवी पुली घेताना जुनी बरोबर न्या. बाहेरचा व्यास, खाचेची रुंदी, शाफ्टचं भोक, चावीची खाच, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागच्या टेकणाऱ्या तोंडापासून खाचेच्या मध्यापर्यंतचं अंतर. पहिली चार मापं लोक बघतात, पाचवं विसरतात, आणि मग बेल्ट तिरका चालतो. व्यास मोठा घेतला तर आयडलिंगला चार्जिंग पडेल, लहान घेतला तर अल्टरनेटर गरजेपेक्षा जास्त पळेल. तेव्हा मूळ मापच हवं.

नट किती आवळायचा याचा आकडा मी देत नाही. अल्टरनेटरागणिक त्यात फार फरक आहे, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा घ्या आणि टॉर्क पाना वापरा. स्प्रिंग वायसर मात्र नवा टाका.

ताणाबद्दल लिहायला आता हात दुखले. उद्या लिहितो.

---

प्रतिक्रिया | रिबवाला

माझीही गाडी जुनीच आहे, पण बेल्ट रुंद, आतून बारीक उभ्या रेघांचा आहे. त्यावर ५पीके आणि पुढे चार आकडी नंबर छापलाय. बेल्टला एकही तडा नाही आणि तरीही चिवचिव असा आवाज येतो. त्यालाही हेच लागू का? मध्येच प्रश्न विचारतोय, माफी असावी.

---

उत्तर | रोटर_स्टेटर

@रिबवाला, विचारा हो, याच धाग्यात बरं. ५पीके म्हणजे पाच रेघा, पुढचा आकडा बेल्टची लांबी मिलिमीटरमध्ये. पूर्वीचे रबरी बेल्ट म्हातारे झाले की तडकायचे, म्हणून सगळ्यांना तडे मोजायची सवय. आताचे असे रेघांचे, म्हणजे रिब बेल्ट बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असतात. ते सहसा तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात. रेघांमधली दरी रुंद होत जाते आणि पुलीच्या रेघा बेल्टच्या दरीत तळाला टेकतात. म्हणजे खोड तीच, फक्त पाच ठिकाणी. तडा नाही म्हणून बेल्ट चांगला असं धरू नका.

आवाजाचा प्रकार ओळखायची एक साधी परीक्षा आहे. इंजिन आयडलिंगला ठेवून, बाह्या वर करून, हात आणि कपडे पंख्यापासून नीट दूर ठेवून, बेल्टच्या रेघांच्या बाजूवर साध्या पाण्याचा हलका फवारा मारा. चिवचिव काही क्षण थांबून परत आली तर पुल्या एका रेषेत नाहीत, किंवा एखादी डगमगते. आवाज उलट लगेच वाढला तर बेल्ट घसरतोय, ताण कमी आहे. चिवचिव बहुतेक वेळा रेषेचीच असते.

आणि तुमच्या अल्टरनेटरच्या पुलीवर प्लास्टिकची टोपी असेल तर थांबा. ती एकाच दिशेला पकडणारी, आत क्लच असलेली पुली असू शकते. तिला समोरून साधा नट नसतो, आत दातेरी भोक असतं आणि त्याला वेगळं हत्यार लागतं. बेल्ट उतरवून तपासा: रोटर अडवून पुली हाताने फिरवली तर एका दिशेला मोकळी फिरावी, दुसऱ्या दिशेला धरावी. दोन्हीकडे अडकली किंवा दोन्हीकडे मोकळी फिरली तर ती गेली.

---

उत्तर | रोटर_स्टेटर

आता ताणाचं.

अल्टरनेटर परत जागी लावा, दोन्ही बोल्ट हाताने फिरतील इतपत ठेवा. बेल्ट तीनही पुल्यांवर हाताने चढला पाहिजे. चढत नसेल तर अल्टरनेटर अजून आत ढकला. स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काठावरून चढवलात तर आतले दोरे तुटतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि बेल्ट पुढे कधीतरी अचानक उलटतो किंवा तुटतो.

मग ताण. टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, लावून अल्टरनेटर बाहेर ओढायचा, पण टॉमी पुढच्या बाजूच्या जाड ब्रॅकेटला टेकवायची. मागचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण नाजूक असतं, तडकतं. सगळ्यात लांब मोकळ्या भागाच्या मधोमध अंगठ्याने जोरात, म्हणजे साधारण १० किलोचा दाब देऊन, बेल्ट १० मिलिमीटरच्या आसपास दबला पाहिजे. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. लोक वेगळं सांगतात त्याचं एक कारण आहे: नव्या बेल्टचा आणि चाललेल्या बेल्टचा आकडा वेगळा असतो. पाच-दहा मिनिटं इंजिनावर चाललेला बेल्ट नवा धरत नाहीत. नवा जरा घट्ट ठेवायचा, तो बसला की थोडा सैल होतो, मग पुन्हा तपासायचा. दुसरं कारण म्हणजे लांब भाग आणि आखूड भाग यांत सारखा दाब दिला तरी बेल्ट वेगवेगळा दबतो. कुठे दाबून बघताय ते नक्की करा.

आधी वरचा बोल्ट आवळा म्हणजे ताण धरून राहील, मग खालचा मोठा. खालचा ढिला राहिला तर अल्टरनेटर तिरका होतो आणि पुली रेषेतून जाते.

---

प्रतिक्रिया | थंडस्टार्ट

खूप आभार. पट्टी लावून बघितलं, भिंतीमागून उजेड स्पष्ट दिसतोय. क्रँक आणि पंपाच्या पुल्या सरळ आहेत. अल्टरनेटर खाली काढलाय, नट तुमच्या जुन्या बेल्टच्या युक्तीने सुटला. पण पुली शाफ्टवरून हलत नाही. हातोडीने हलकेच ठोकू का?

आणि एकाने सुचवलं की खाचेत बेल्टचा चिकट स्प्रे मारला तर पुली बदलायची गरजच नाही. खरं का?

---

उत्तर | रोटर_स्टेटर

हातोडी नको. पुलीवरचा प्रत्येक ठोका बेअरिंगच्या गोळ्यांमधून जातो आणि जुनी पुली पत्र्याची असेल तर तोंड वाकतं. गंज पकडलाय. चावीच्या खाचेत आणि शाफ्टच्या टोकाशी गंज सोडवणारं तेल घाला, रात्रभर राहू द्या. मग दोन किंवा तीन पायांचा पुलर लावा, पाय काठाला नव्हे, शक्य तितके पुलीच्या मधल्या जाड भागाला. नट अर्धा आट्यावर ठेवा म्हणजे शाफ्टचे आटे खराब होणार नाहीत. निघाल्यावर शाफ्ट बारीक पॉलिश पेपरने साफ करा, तेलाचा एक थेंब पुरे. खाचेच्या भिंतींवर मात्र तेल अजिबात लागता कामा नये.

स्प्रेबद्दल माझं मत ठाम आहे: मारू नका. आवाज थोडा वेळ झाकला जातो, पण घसरणं तिथेच राहतं. वर धूळ त्यात चिकटून खाच आणखी खाते. साबण, मेण, डांबराची वडी, सगळ्यांची गत तीच. तुमच्या गाडीत याच बेल्टवर वॉटर पंपही आहे, हे विसरू नका. बेल्ट तुटला तर आधी बॅटरीचा दिवा लागेल आणि पाठोपाठ तापमानाचा काटा वर जाईल. असं झालं तर तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं.

---

प्रतिक्रिया | थंडस्टार्ट

पुलरने पुली निघाली. बेअरिंग गुळगुळीत फिरतंय, ब्रशही पुरेसे आहेत. नवी पुली व्यासाने आणि रुंदीने अगदी तीच, पण तुम्ही म्हणालात ते पाचवं माप जुळत नाही. खाचेचा मध्य जुन्यापेक्षा सुमारे २ मिलिमीटर इंजिनाच्या बाजूला येतोय. एवढं चालेल का?

---

उत्तर | रोटर_स्टेटर

नाही, चालवू नका. व्ही बेल्ट रिब बेल्टपेक्षा थोडं जास्त सोसतो, पण मी हिशेब धरतो तो असा की दोन पुल्यांमध्ये मीटरभर अंतर असेल तर ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. तुमचं अंतर त्यापेक्षा खूपच कमी असणार, म्हणजे २ मिलिमीटर जास्तच झाले. बेल्ट एका भिंतीला घासून ती बाजू आधी खाईल.

पुली पुढे आणायची आहे, म्हणजे पुली आणि पंखा यांच्यामध्ये २ मिलिमीटर जाडीचा, सपाट तोंडाचा पोलादी वायसर घाला. शाफ्टच्या मापाचाच हवा. सैल, डगमगणारा नको, आणि पातळ वायसरांची चळतही नको, ती पुढे दबून नट ढिला होतो. चावी अजूनही पुलीच्या खाचेत पुरती बसतेय ना आणि नटाला पूर्ण आटे मिळतायत ना, हे दोन्ही बघा. आटे कमी पडत असतील तर वायसर विसरा आणि दुसरी पुली शोधा.

रेष तपासताना पट्टी क्रँक पुलीच्या आणि पंपाच्या तोंडाला लावून अल्टरनेटरपर्यंत न्या, पण काठाशी काठ जुळवू नका. काठाची जाडी पुलीपुलीत वेगळी असते. खाचेचे मध्य जुळले पाहिजेत.

---

प्रतिक्रिया | थंडस्टार्ट

झालं! वायसर घालून खाचांचे मध्य जुळले, नटाला आटे पूर्ण मिळाले. बेल्टही नवाच टाकला, आधीचा बाजूंना चकाकला होता म्हणून. आता त्याची कड पुलीच्या काठापेक्षा केसभर वर दिसते. थंड इंजिन, हेडलाइट, ब्लोअर, मागची काच गरम करायची तार, सगळं एकदम लावलं, आयडलिंगला १३.७ व्होल्ट आणि एकही आवाज नाही. बॅटरीचा दिवा पूर्ण विझलेला आहे. ताण पुन्हा कधी बघू?

---

उत्तर | रोटर_स्टेटर

वा, फार छान वाटलं वाचून. दहा मिनिटं चालवून इंजिन गार होऊ द्या आणि एकदा बघा. मग शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा. दोन्ही वेळा इंजिन गार असताना आणि त्याच जागी दाबून. दुसऱ्या वेळी पुलीचा नटही टॉर्क पान्याने तपासा, नवा वायसर आत आहे म्हणून. काढलेला बेल्ट फेकू नका, तो व्हाईसजवळ टांगून ठेवा.